मनी प्लांट आणि घरातला उजेड

वस्तीतल्या गल्लीतून दारांकडे बघत चालत गेले तर एक गोष्ट घरोघरी दिसते. खिळ्याला सुतळीने बांधलेली बाटली, बाटलीत पाणी आणि तिच्यातून निघून चौकटीवर चढलेली हिरवी वेल. मनी प्लांट. कुणी तो तेलाच्या डब्यात लावतो, कुणी रंगाच्या रिकाम्या बादलीत. पैसे पडत नाहीत, मातीही लागतेच असे नाही. शिवाय पान थोडेफार पिंपळाच्या पानासारखे दिसते, म्हणून आपल्या घरांत त्याला जरा जास्तच माया मिळते.

आम्ही क्षयरोगाच्या गोळ्यांची चौकशी करायला, बाळंतिणीला बघायला, लसीकरणाचे कार्ड तपासायला घरोघरी जातो. कामाचे बोलून झाले की उठता उठता कुणीतरी विचारतेच, “सिस्टर, ह्याची पानं अशी पिवळी का पडतात हो?” किंवा, “आणला तेव्हा पानांवर पिवळे पट्टे होते, आता नुसताच हिरवा झालाय. जात बदलली का?” नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हे शिकवत नाहीत. पण इतक्या घरांतल्या वेली पाहिल्यावर आणि त्यासाठी थोडे वाचल्यावर लक्षात आले की उत्तर बहुतेक वेळा उजेडाशी येऊन थांबते. आणि घरातल्या उजेडाचा विषय निघाला की तो झाडापुरता राहत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मनी प्लांट.

ही वेल मूळची आपल्याकडची नाही. प्रशांत महासागरात ताहिती बेटाच्या शेजारी मोरेआ नावाचे लहानसे बेट आहे, तिथली ती. तिथून ती जगभर गेली. ती अळूच्या कुळातली आहे. अळू, सुरण आणि मनी प्लांट ही सगळी एकाच कुळातली भावंडे. तिचा स्वभाव मोठ्या झाडाच्या बुंध्याला धरून वर चढण्याचा. जमिनीवर, दाट सावलीत असते तेव्हा तिची पाने लहान असतात. जसजशी ती वर, उजेडाकडे जाते तसतशी पाने मोठी होतात. मुंबईत रस्त्याच्या कडेच्या जुन्या झाडांवर नीट पाहा. सुपाएवढी, मध्ये चिरलेली पाने लटकताना दिसतात. पुष्कळांना ते वेगळेच झाड वाटते. तो आपल्या बाटलीतलाच मनी प्लांट असतो, फक्त त्याला चढायला आधार आणि वरचा उजेड मिळालेला असतो.

यावरून एक गोष्ट समजून घ्यायची. ‘मनी प्लांटला ऊन लागत नाही’ हे खरे आहे, पण त्याचा अर्थ ‘उजेड लागत नाही’ असा नाही. त्याला सावली चालते. सावली म्हणजे झाडाखालची सावली, जिथे वर मोकळे आकाश असते आणि पानांतून झिरपलेला उजेड दिवसभर येत असतो. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, कपाटाच्या बाजूला असतो त्याला सावली म्हणत नाहीत, तो अंधारच. आपल्याला तो अंधार वाटत नाही, कारण आपला डोळा फसवा आहे. बाहेरून आत आलो की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दोन मिनिटांत सगळे नीट दिसायला लागते. पानाला बाहुली नसते. त्याला जेवढा उजेड पडतो तेवढ्यातच अन्न तयार करायचे असते.

उजेड लक्स या मापात मोजतात. दुपारच्या भर उन्हात साधारण १,००,००० लक्स असतात. त्याच वेळी झाडाच्या किंवा भिंतीच्या मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या आसपास. उघड्या खिडकीजवळ, ऊन थेट येत नसेल तर एक-दोन हजार, कधी त्याहून जास्त. आणि दारापासून दहा-बारा फूट आत, मागच्या भिंतीशी? तिथे शंभरही भरत नाहीत. म्हणजे एकाच खोलीत दाराशी आणि मागच्या भिंतीशी वीसपट फरक असू शकतो, आणि आपल्याला तो जाणवत नाही. मनी प्लांट काही शे लक्सवर तग धरतो. हजार-दोन हजार आणि त्यापुढे मिळाले की जोमाने वाढतो. मोबाइलमध्ये उजेड मोजायचे फुकट अॅप मिळते. आकडा अगदी अचूक नसतो, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतो. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे काम द्यावे, आवडीने करतात.

अॅप नको असेल तर हाताची सावली बघावी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये घरातले दिवे बंद करावेत. वेल ठेवायची त्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्यावर एक फुटावर हात धरावा. काळी, रेखीव सावली पडली तर ऊन फार आहे. पुसट पण ओळखता येईल अशी पडली तर ती जागा मनी प्लांटसाठी उत्तम. सावली दिसतच नसेल तर तिथे तो जगेल फार तर, वाढणार नाही. याहूनही सोपे म्हणजे झाडाच्या जागी आपले डोके नेऊन बाहेर बघावे. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का? समोरच्या घराची भिंतच दिसत असेल तर त्या भिंतीवरून परतून आलेला उजेडच काय तो मिळणार.

आता आपली घरे. दहा बाय बाराची खोली, दोन्ही बाजूंची आणि मागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, उजेड येणार तो फक्त पुढच्या दारातून. त्या दारासमोर तीन-चार फुटांची गल्ली आणि पलीकडे समोरच्याचा पोटमाळा पुढे आलेला. अशा घरात झाडाची जागा म्हणजे दाराची चौकट किंवा दारापासून दोन-तीन हातांच्या आत. त्याच्या आत नेऊ नये. पोटमाळ्याला जाळीची खिडकी असेल तर ती खालच्या दारापेक्षा चांगली, कारण वर आकाश जास्त दिसते. पण पत्र्याच्या अगदी खाली टांगू नये. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो आणि वेल उजेडाने नाही, उष्णतेने मान टाकते. छपरात एखादा पारदर्शक पत्रा बसवलेला असेल तर त्याच्या सरळ खाली न ठेवता बाजूला ठेवावे.

दार कुठल्या दिशेला आहे त्यानेही फरक पडतो. पूर्वेचे कोवळे ऊन तास-दीड तास आले तर वेलीला बाधत नाही, उलट मानवते. पश्चिमेचे उन्हाळ्यातले ऊन मात्र पाने भाजते. पानावर कोरडे, कागदासारखे तपकिरी डाग पडले तर ते उन्हाचे. अशा वेळी जुनी पांढरी ओढणी किंवा सुती साडीचा तुकडा खिडकीला लावला की काम भागते. दक्षिणेच्या दारात डिसेंबर-जानेवारीत ऊन आतपर्यंत येते, कारण सूर्य तेव्हा दक्षिणेकडे कललेला असतो. तेच दार मे-जूनमध्ये कोरडे पडते. पावसाळ्यात ढगांमुळे सगळीकडेच उजेड उतरतो, तेव्हा बाटली हातभर दाराकडे सरकवावी. जागा एकदा ठरवली म्हणून वर्षभर तीच असे नसते.

काही जण विचारतात, आग्नेयेला ठेवायचा ना? वास्तूवाले तसे सांगतात. आग्नेय कोपऱ्यात खिडकी असेल तर खुशाल ठेवावा. तिथे नुसती भिंत असेल तर वेल दिशा वाचत नाही. आणि मनी प्लांटने पैसा आला असता तर आपल्या गल्लीत आतापर्यंत एकही पत्र्याचे घर राहिले नसते. चोरून आणलेलीच वेल वाढते म्हणतात, तेही खोटे. शेजारणीकडे मागावी. जिथून पान फुटते त्या गाठीच्या जरा खाली कापावे. त्या गाठीपाशी एक तपकिरी बारीक टोक असते, तेच पाण्यात गेले की मूळ होते. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर कधी मुळे फुटतातही, पण वेल होत नाही.

उजेड कमी पडतोय हे वेल आपणहून सांगते. दोन पानांमधले अंतर लांबत जाते, दोरीवर मध्येच एखादे पान असावे तसे. नवी पाने आधीच्यापेक्षा लहान येतात. सगळी वेल दाराच्या दिशेला झुकते. आणि ज्याच्या पानांवर पिवळे-पांढरे पट्टे असतात त्याचे पट्टे नव्या पानांत कमी होत जातात. जात बदललेली नसते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य फार कमी असते, तो भाग अन्न तयार करत नाही म्हटले तरी चालेल. उजेड भरपूर असतो तेव्हा झाडाला तेवढे परवडते. उजेड आटला की सगळे पान कामाला लावावे लागते, म्हणून नवी पाने हिरवी येतात. अशी वेल उजेडात आणली की पुढच्या पानांवर पट्टे परत येऊ लागतात, जुन्या पानांवर येत नाहीत.

पिवळ्या पानांचे कारण थोडे वेगळे. खालचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे हे नेहमीचेच. पण एकामागून एक पाने पिवळी पडायला लागली की आपण समजतो पाणी कमी पडले आणि अजून पाणी घालतो. कमी उजेडात झाड पाणी कमी पिते, कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. म्हणून जिथे उजेड कमी तिथे पाणीही कमी. बोट पेरभर मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

आणखी एक, पानांवरची धूळ. रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाजवळच्या वस्तीत पानांवर राखाडी थर बसतो, स्वयंपाकघराजवळ तेलकट. जो काही थोडा उजेड येतो तोही पानापर्यंत पोहोचत नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावीत. खिडकीची जाळीसुद्धा घासावी. जाळीतल्या धुळीने किती उजेड अडला होता ते घासल्यावर कळते.

ट्यूबलाइटवर मनी प्लांट जगतो का? जगतो, जवळ असेल तर. छताला लावलेल्या एका ट्यूबने दहा बाय दहाच्या खोलीत खाली शंभर-दोनशे लक्स पडतात, तेवढे वेलीला कमीच. दिव्यापासून फूटभर अंतरावर ठेवला तर काही शे मिळतात आणि दिवसाला दहा-बारा तास दिवा चालू असेल तर निभावते. पण त्यासाठी मुद्दाम दिवा जाळू नये. नऊ वॅटचा एलईडी रोज बारा तास चालवला तर महिन्याला सव्वातीन युनिट होतात. ज्या घरात शिलाई मशीनवर किंवा मणी ओवायच्या कामावर दिवसभर दिवा चालूच असतो तिथे त्या दिव्याजवळ बाटली टांगावी, जळत्या दिव्याचा उपयोग होईल.

पुष्कळ घरांत तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेजवळ मनी प्लांट ठेवतात. शोभतोही. पण ती फळी बहुधा दारासमोरच्या आतल्या भिंतीवर असते, म्हणजे घरातली सगळ्यात कमी उजेडाची जागा. तिथला मनी प्लांट दोन महिन्यांत निस्तेज होतो. यावर आम्ही सांगतो ते साधे आहे. दोन बाटल्या करा. एक प्रतिमेजवळ, एक दाराशी. आठवड्याने अदलाबदल करा. विहारात तर खिडक्या असतात, तिथे चार-पाच बाटल्या खिडकीत वाढवून ठेवल्या तर आळीपाळीने आत आणता येतात.

आठवडा आम्ही मुद्दाम म्हणतो. बाटलीतले पाणी आठवड्याला बदललेच पाहिजे आणि ते झाडासाठी कमी, आपल्यासाठी जास्त. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनी प्लांटची बाटली त्याला फार आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठ दिवसांच्या आत पाणी बदलायचे. नुसते बदलून भागत नाही. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून आतून ब्रशने घासायचे. घासता येत नसेल अशी चिंचोळ्या तोंडाची बाटली वापरूच नये, रुंद तोंडाची बरणी घ्यावी. पारदर्शक बाटलीत उजेडाने शेवाळ धरते. बाहेरून कागद गुंडाळला की पानांना उजेड मिळतो आणि पाण्यात शेवाळ कमी होते. घरात कुणाला जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग ठणकणे असे असेल तर दवाखान्यात दाखवावे, आणि तोवर तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी देऊ नये. अॅस्पिरिन, आयब्रुफेन, ‘कॉम्बी’ गोळ्या यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अळूचे कूळ वर सांगितले, त्याची दुसरी आठवण इथे. कच्चे अळू तोंडात गेले की घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनी प्लांटमध्येही तेच असतात. रांगत्या पोराने पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. तोंडातले तुकडे काढावेत, ओल्या फडक्याने तोंड पुसावे, थंड पाणी किंवा दूध घोट-घोट द्यावे. उलटी करवू नये. जीभ-घसा सुजला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच रुग्णालय गाठावे. वेल उंचावर टांगली की हा प्रश्न राहत नाही.

आता लोक ज्यासाठी तो लावतात त्यातली एक समजूत. ‘मनी प्लांट घरातली हवा शुद्ध करतो.’ हे आले अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगातून. तो प्रयोग बंद पेटीत केला होता. घर ही बंद पेटी नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. दारे-खिडक्यांतून जी हवा एरवी ये-जा करते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त हजार झाडे लागतील, असा हिशेब निघाला. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी धरले तरी शंभराहून जास्त कुंड्या! माणसे कुठे बसणार? वेल ठेवावी ती डोळ्यांना बरे वाटते म्हणून. हवेसाठी दार उघडावे.

वेल दाराशी नेली, पाने पुसली, तरी ती वाढत नसेल तर अडचण झाडाची नाही, घराची आहे. ज्या घरात सावलीत वाढणाऱ्या वेलीलाही उजेड पुरत नाही, तिथे पोरे दिवसा दिवा लावून अभ्यास करतात, भिंतीला ओल येते, आणि उजेड येत नाही तिथून हवाही बहुधा येत नाही. कोंडलेल्या हवेत खोकणाऱ्याचे क्षयरोगाचे जंतू तासन् तास तरंगत राहतात. म्हणून घरात क्षयरुग्ण असेल तर आम्ही आधी दार-खिडकी बघतो. समोरासमोर दोन वाटा उघड्या असल्या तर सगळ्यात बरे. एकच दार असेल तर वरच्या बाजूला जाळी काढावी किंवा एक्झॉस्ट पंखा बसवावा. रुग्णाची जागा दारापाशी, आणि दिवसा जमेल तेवढा वेळ बाहेर उघड्यावर.

पक्की इमारत झाली की हे सुटेल असे वाटते. सुटतेच असे नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. जिथे इमारती एकमेकींना खेटून, मध्ये जेमतेम तीन मीटर सोडून उभ्या आहेत तिथे खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा कमी, आणि क्षयरोग झालेल्या घरांचे प्रमाण जास्त, असे त्यात आढळले.

तुमच्या वस्तीत पुनर्विकासाचा नकाशा दाखवायला कुणी आले तर चौरस फुटांबरोबर हेही विचारा. दोन इमारतींमध्ये किती मीटर अंतर आहे? पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आकाश दिसेल का? स्वयंपाकघराची खिडकी मोकळ्या जागेत उघडते की डक्टमध्ये? उत्तरे लेखी मागा आणि समितीच्या वहीत नोंदवा. त्याच बिल्डरने आधी बांधलेली इमारत बघायला चारजणी मिळून जा, दुपारी बाराला, आणि तळमजल्यावरच्या एखाद्या बाईला विनंती करून घरातले दिवे पाच मिनिटे बंद करायला सांगा. पेपर वाचता येतो का बघा. खिडकीत मनी प्लांट असेल तर त्याची पाने केवढी आहेत तेही बघून या.